टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक?

श्रावणात पाऊस दोन दिवस जरा उघडला की आमच्या वाड्यावर सकाळी सातच्या सुमारास एक आवाज सुरू होतो. आधी दोन-तीनदा खोकल्यासारखा, मग एकदम घुंऽऽ करून चढणारा. कुणाच्या तरी भाटात मशीन लागले. चवथ जवळ आली. पाव्हणे येणार, माटोळीचे सामान आणायला वाट मोकळी हवी, विहिरीकडच्या पायऱ्या दिसायला हव्यात, आणि इथे तर कमरेएवढे गवत! पूर्वी हे काम कोयत्याने आणि विळ्याने व्हायचे. चार माणसे आठ दिवस वाकून असायची. आता एक माणूस खांद्याला पट्टा लावून येतो आणि दोन दिवसांत मैदान करून जातो. पेटीवर छापलेले नाव 'ब्रश कटर', दुकानदाराच्या तोंडी 'ग्रास कटर', आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडी नुसते 'मशीन'. आज मशीन मारले, उद्या मशीन मारायचे आहे, मशीनवाला आला नाही. गोव्यात आज 'मशीन' म्हटले की शिवणयंत्र कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही, हेच येते.

तर अशा ऐन श्रावणात आमचे मशीन मेले. मेले म्हणण्यापेक्षा मी मारले असे म्हणणे खरे होईल.

झाले असे की आमचे जुने मशीन होते टू स्ट्रोक. त्याच्या पेट्रोलात ऑइल मिसळावे लागते. पडवीत दोन डबे असायचे, एक मिश्रणाचा आणि एक पंपासाठी साध्या पेट्रोलचा. दोन्ही पांढरे, दोन्ही एकाच दुकानातले. मामा वर काजूत होते, टाकी संपली म्हणून त्यांनी खालून पेट्रोल मागवले. (मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. वडिलांच्या वेळेपासून आमच्या कुळागरात येणारे गृहस्थ. सगळा वाडा त्यांना मामाच म्हणतो.) मी मोठ्या उत्साहाने डबा उचलला, वर गेलो आणि स्वतःच्या हाताने टाकी भरून दिली. दहा मिनिटांत आवाज बदलला. घुंऽऽ चे किर्रऽ झाले आणि मशीन जागच्या जागी थांबले. मामांनी दोरी ओढून पाहिली. दोरी येईना. पिस्टन आत चिकटून बसला होता. मामांनी टाकीचे झाकण काढून वास घेतला, माझ्याकडे पाहिले आणि काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

टूटी ऑइलला निळा, हिरवा किंवा लाल रंग घातलेला असतो तो याचसाठी, की ऑइल मिसळलेले पेट्रोल नजरेने ओळखता यावे. हे ज्ञान मला फोंड्याच्या बाजारातल्या मेकॅनिकने त्या पिस्टनवरच्या उभ्या ओरखड्यांवर बोट फिरवत दिले. पिस्टन गेला, सिलिंडर गेला. खर्चाचा आकडा ऐकून मी म्हटले, एवढ्या पैशांत अजून थोडे घालून नवेच का घेऊ नये? आणि इथून पुढे पंधरा दिवस आमच्या घरात एकच चर्चा होती. टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक?

ज्यांचे बालपण चेतकवर गेले त्यांना हा प्रश्न नवा नाही. पेट्रोल पंपावर वडील स्कूटरवरून उतरायचे, सीट उचलायचे, आणि पंपावरचा पोरगा मापाने ऑइल घालून वर पेट्रोल सोडायचा. तो गोडसर, डोक्यात जाणारा वास! पावसाळ्यात सकाळी स्कूटर चालू झाली नाही की वडील तिला एका अंगावर झुकवायचे, क्षणभर तशीच धरायचे आणि मग किक मारायचे. मागून पांढरा धूर निघाला की आई दार लावून घ्यायची. मग १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली. ती फोर स्ट्रोक. तिच्या पेट्रोलात ऑइल घालायचे नाही, धूर नाही, आणि एका लिटरमध्ये इतकी पळायची की लोकांना आधी खोटेच वाटायचे. तरीही आरएक्स १०० चालवणारे आमचे दोस्त तिला हसायचे, कारण चढणीवर जी ओढ आरएक्सला होती ती हिला नव्हती. शेवटी २००० सालापासून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि रस्त्यावरून टू स्ट्रोक हळूहळू नाहीसे झाले. आज चेतक नावाची स्कूटर पुन्हा दिसते, पण ती बॅटरीवर चालते. टू स्ट्रोकने रस्ता सोडला तो सोडलाच. पण गंमत अशी, की तो मेला नाही. तो भाटात शिरला.

का शिरला, ते समजून घेतल्याशिवाय निवड करता येत नाही. टू स्ट्रोक इंजिनात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली आला की एक स्फोट. म्हणजे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक धक्का. फोर स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. पहिल्या फेऱ्यात काम, दुसऱ्यात धूर बाहेर टाकणे आणि नवी हवा आत घेणे. त्यामुळे त्याच आकाराच्या इंजिनातून टू स्ट्रोक जास्त ताकद काढतो. त्याला व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडणारा कॅम नाही, खाली ऑइलची टाकी नाही. भाग कमी म्हणून वजन कमी, किंमत कमी, आणि दुरुस्ती कुणालाही जमणारी. ऑइल पेट्रोलातूनच येत असल्यामुळे तो आडवा धरा, उलटा धरा, चालत राहतो. भाटात हे सगळे गुणच आहेत.

अवगुण म्हणजे ताजे मिश्रण आत येत असतानाच जळलेला धूर बाहेर जातो, दोन्ही दारे एकाच वेळी उघडी. त्यामुळे साध्या टू स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक न जळताच धुराड्यातून निघून जातो. त्याबरोबर ऑइलही. रस्त्यावर तो धूर मागच्याला मिळायचा. मशीनमध्ये इंजिन माणसाच्या काखेमागे असते, वारा नसला की धूर त्याच्याच तोंडाशी राहतो. कुळागरात वारा कसा असतो तुम्हाला माहीत आहेच. पोफळींच्या खाली सकाळी दहापर्यंत पान हलत नाही.

पहिल्या दुकानात गेलो तर दुकानदाराने दोन यंत्रे पुढ्यात ठेवली. एक चाळीस सीसीचे टू स्ट्रोक, ताकद साधारण दीड किलोवॅटच्या वर. दुसरे होंडाच्या जीएक्स ३५ इंजिनाचे फोर स्ट्रोक. ३५.८ सीसी, ७००० फेऱ्यांना एक किलोवॅट, आणि नुसत्या इंजिनाचेच वजन ३.३३ किलो. दांडा, पाते, पट्टा, पेट्रोल धरून सगळे सात किलोच्या पुढे गेले. म्हणजे फोर स्ट्रोक जड आणि वर ताकदीला कमी. शिवाय महाग. दुकानदार म्हणाला, "साहेब, दहा जण येतात त्यातले आठ टू स्ट्रोक नेतात." मी विचारले, "आणि उरलेले दोन?" तो म्हणाला, "ते स्वतः मशीन मारत नाहीत."

हे वाक्य मला चांगलेच लागले.

मग मी मनात हिशेब मांडायला लागलो. आम्हाला मशीन नुसत्या गवतासाठी नको होते. हल्ली एका इंजिनाला वेगवेगळी अवजारे जोडायची सोय असते. दांडा मधोमध सुटतो, पुढचा तुकडा काढून दुसरा लावायचा. नायलॉनची दोरी, तीन दातांचे पाते, करवतीसारखे गोल पाते, उंच फांदी कापायची साखळीची करवत, कुंपण छाटायची कात्री, माती भुसभुशीत करायचा छोटा टिलर, पाला उडवायचा ब्लोअर. माझ्या भावोजींना हे सगळे चित्र पाहून इतका आनंद झाला की ते म्हणाले सगळेच घेऊन टाक. भावोजी पणजीला फ्लॅटमध्ये राहतात.

पण खरी मेख तिथेच आहे. अवजार बदलले की इंजिनाकडून अपेक्षा बदलते. काजूच्या मरडावर रानमोडी आणि घाणेरी अंगठ्याएवढ्या जाड खोडांची झालेली असते. तिथे पाते गच्च फिरायला हवे, अडकले की लगेच पुन्हा उसळी घ्यायला हवी. हे टू स्ट्रोकचे राज्य. उलट खाली कुळागरात काम नाजूक. पोफळीवर मिऱ्याच्या वेली चढवलेल्या, त्यांचे बूड जमिनीलगत, मधून पाण्याच्या नळ्या गेलेल्या. तिथे पाते लावणे म्हणजे आत्महत्याच, दोरीच लावावी लागते आणि तीही अर्ध्या वेगाने. (दोरीनेही कोवळ्या रोपाची साल सोलून निघते. आमची काजूची चार कलमे अशीच गेली. सालीचा गोल तुकडा निघाला की रोप महिनाभर हिरवे दिसते आणि मग वाळते.) अर्ध्या वेगावर टू स्ट्रोक रडत-खोकत चालतो, धूर जास्त सोडतो, धुराडे काजळीने भरते. फोर स्ट्रोक कमी फेऱ्यांवरही शांतपणे ओढत राहतो. टिलरलाही तसेच, तिथे वेग नको, नेट हवा.

करवतीचे आणखी निराळे. फणसाची फांदी कापायची तर दांडा वर आणि इंजिन खाली, तिरके. जुन्या पद्धतीच्या फोर स्ट्रोकला हे चालायचे नाही, खालचे ऑइल भलतीकडे जायचे. त्यामुळे वर्षानुवर्षे हातात धरायच्या यंत्रांत फोर स्ट्रोक नव्हताच. होंडाने १९९७ साली कुठल्याही कोनात चालणारी छोटी फोर स्ट्रोक इंजिने आणली आणि ती अडचण संपली. या इंजिनांत ऑइलचे बारीक धुके करून ते आतल्या आत फिरवतात. स्टिल कंपनीने तर मधलाच मार्ग काढला. व्हॉल्व्ह फोर स्ट्रोकचे, पण ऑइल पेट्रोलात मिसळलेले. त्याला ते '४-मिक्स' म्हणतात. मला ती कल्पना फार आवडली होती, आपल्या माणसासारखी, इकडचेही थोडे, तिकडचेही थोडे. पण मग माझ्या पडवीतले दोन पांढरे डबे आठवले. मिश्रणाचा डबा तिथेही आलाच.

डब्यावरून आठवले. पूर्वी मिश्रण महिनाभर पडून राहिले तरी फारसे बिघडत नसे. आता पेट्रोलात इथेनॉल असते. २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल मिळायला लागले आणि आता सगळीकडे तेच आहे. इथेनॉलला पाण्याची ओढ. आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही घाम येतो. अर्धा भरलेला डबा पडवीत राहिला तर आत ओलावा शिरतो, आणि पाणी फार झाले की ते इथेनॉलला घेऊन तळाशी जाऊन बसते. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलात राहते. मशीनच्या टाकीत नळीचे टोक कुठे असते? तळाशी. म्हणजे टू स्ट्रोकला नेमका ऑइल नसलेला थर मिळणार. म्हणजे माझ्यासारखा मूर्ख माणूस घरात नसला तरी नुसता पावसाळा तेच काम करू शकतो. फोर स्ट्रोकचेही कार्ब्युरेटर असल्या पेट्रोलाने बिघडते, मशीन चालू होत नाही, पण निदान पिस्टन जळत नाही. म्हणून कुठलेही घ्या, पावसाळा संपताना टाकी रिकामी करा आणि नळीतले पेट्रोल संपेपर्यंत मशीन चालू ठेवून मगच आत ठेवा. मिश्रण आठवड्याला लागेल तेवढेच करा. प्रमाण पुस्तिकेत असते ते पाळा. पन्नासास एक म्हणजे लिटरला २० मिली, पंचवीसास एक म्हणजे ४० मिली. 'अंदाजे एक झाकण' हे माप नव्हे!

फोर स्ट्रोकवाल्यांनी फार हुरळून जाऊ नये म्हणून हेही सांगतो. त्या जीएक्स ३५ मध्ये ऑइल मावते १०० मिली. चहाच्या पेल्याएवढे. त्यातले थोडे कमी झाले तरी फरक पडतो, आणि जास्त घातले तर धूर काढते आणि सगळीकडे चिकट करते. पहिल्यांदा दहा तासांनी बदलायचे, मग दर पन्नास तासांनी किंवा सहा महिन्यांनी. टू स्ट्रोकमध्ये चूक केली तर दहा मिनिटांत कळते. फोर स्ट्रोक चूक पोटात ठेवतो आणि वर्षभराने दाखवतो. आमच्या शेजारच्या भाटातले फोर स्ट्रोक दोन वर्षांत खलास झाले, कारण 'याला ऑइल लागत नाही' एवढेच त्यांनी दुकानात ऐकले होते.

बॅटरीवाले का नाही, असे भाची विचारते. घरापुढच्या अंगणाला उत्तमच आहे. पण मरडावर दिवसभर काम करायचे तर तीन-चार बॅटऱ्या लागणार, आणि त्या चार्ज करायला दर वेळी खाली घरी यावे लागणार. आमच्यापुरता तो विषय तिथे संपला.

एवढा अभ्यास करून मी एका संध्याकाळी मामांना अंगणात बोलावले. चहा झाला. मी त्यांना दोन्ही यंत्रांच्या चित्रांचे कागद दाखवले, सगळे समजावून सांगितले. धक्के, फेरे, इथेनॉल, सगळे. मामांनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी एकच विचारले.

"बाबू, हें दिसभर खांदार कोण घेतलो? तूं काय हांव?"

मी गप्प झालो. पंधरा दिवस मी दुकानदाराला विचारले, भावोजींना विचारले, मेकॅनिकला विचारले. ज्याच्या खांद्यावर ते बसणार त्याला शेवटी विचारले, आणि तेही विचारले नाही, सांगितले.

मामांचे वय साठीकडे आलेले आहे. नारळ पाडायला चढणे त्यांनी कधीच सोडले. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येते. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि आम्ही नुसते मोठ्याने बोलायला शिकलो आहोत. ते का कमी ऐकू येते हा प्रश्न मी त्या संध्याकाळपर्यंत स्वतःला विचारला नव्हता. त्यांनी कान झाकायची कापे कधी घातली नाहीत, आम्ही कधी आणून दिली नाहीत. वयाचा भागही असेल त्यात. पण किती तरी पावसाळे आमचेच टू स्ट्रोक त्यांच्या कानाशी ओरडत होते हे काही खोटे नाही. तेवढ्याच वेगाला फोर स्ट्रोक निम्मे स्फोट करतो, म्हणून त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, घुमणारा. टू स्ट्रोकचा कानात सुईसारखा जातो. शिवाय हाताला येणारे कंप. रात्री बोटे बधिर होतात असे मामी एकदा आमच्या आईला सांगत होत्या. तेव्हा आईने तेल चोळायला सांगितले होते.

मी मामांना म्हटले, तुम्हीच ठरवा. ते म्हणाले उद्या दुकानात जाऊया.

दुकानात मामांनी जे केले ते मला सुचलेच नव्हते. त्यांनी दोन्ही यंत्रे पट्टा लावून खांद्याला अडकवली आणि दुकानाबाहेरच्या उतारावर प्रत्येकी पाच मिनिटे नुसते चालले. वर गेले, खाली आले, कमरेतून डावीकडे-उजवीकडे फिरले. इंजिन बंदच. दुकानदार कंटाळला. मग त्यांनी दोन्ही चालू करायला लावली आणि फक्त दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. पाठीवर इंजिन बसवलेला एक प्रकारही होता, त्याची लवचिक नळी पुढे येते. तो त्यांनी लगेच नाकारला. उतारावर पाय घसरला तर पाठीवरचे झटकन टाकून देता येत नाही, म्हणाले. खांद्यावरचा पट्टा एका ओढीत सुटतो. माझ्या पंधरा दिवसांच्या अभ्यासात हा मुद्दा कुठेच नव्हता.

शेवटी फोर स्ट्रोक घेतले. मामांचे म्हणणे असे, की वजन एका किलोने जास्त असले तर पट्टा घट्ट करून कमरेवर घेता येते, पण कंपाला पट्टा नाही. अवजारे दोनच घेतली. दोरी आणि पाती मशीनबरोबर आली, वर एक करवत आणि एक टिलर. कात्री आणि ब्लोअर भावोजींच्या स्वप्नात राहिले. कृषी कार्डावर सवलतीसाठी अर्ज करायचा सल्ला दुकानदाराने दिला, कागद जमवले, दिले. ते प्रकरण चालू आहे. कानाची कापे मात्र मी त्याच दिवशी रोख पैसे देऊन घेतली.

आता वर्ष झाले. सगळे छान झाले असे लिहायला मला आवडले असते. दोरीचे काम सुंदर होते. कुळागरात मामा आता मिऱ्याच्या वेलीभोवती इतके सावकाश फिरतात की बुडाला कापलेली वेल या वर्षी एकही नाही. तेवढ्याच गवताला पेट्रोल बरेच कमी लागते. मशीन चालू असतानाही मी वरून हाक मारली तर कधी कधी ते मान वर करून बघतात. टिलरने अळवाचे आणि मिरचीचे वाफे झाले. करवत फणसाला लावली, पण दांडा एवढा लांब आणि पुढे जड, की दोन फांद्यांनंतर मामा म्हणाले कोयताच बरा. पण वर काजूत रानमोडीपुढे ते कमी पडते. जाड खोडाला पाते लागले की दम टाकते, मामा शिव्या देतात आणि खोड कोयत्याने तोडून पुढे जातात. मरड साफ व्हायला पूर्वीपेक्षा दीड दिवस जास्त लागला. माझे गणित असे होते की दीड दिवसाची मजुरी मी देतोच आहे, मग कुणाचे नुकसान आहे?

एक झाले मात्र. या चवथीला माटोळीसाठी कांगल्या आणि कवंडळे आमच्याच कुंपणावर मिळाली. गेली काही वर्षे आम्ही ती बाजारातून विकत आणत होतो. टू स्ट्रोक एकदा चढला की मामा कुंपणापर्यंत एका झपाट्यात जात, त्यात वेली कुठल्या आणि गवत कुठले हे बघायला उसंत नसे. आता वेगच नाही म्हणून थांबून बघावे लागते. घागऱ्यांचा एक ताटवा त्यांनी चक्क काठ्या रोवून राखला. हे मशीनचे श्रेय की मामांचे, मला ठरवता येत नाही.

आणि जुने टू स्ट्रोक? ते मी भंगारात देणार होतो. मामा म्हणाले, मला द्या. मी दिले, मला वाटले सुटे भाग कामाला येतील. दोन महिन्यांनी कळले, त्यांच्या मुलाने फोंड्याहून पिस्टन आणि सिलिंडर आणून ते चालू केले. आता रविवारी आणि आमच्याकडे काम नसेल त्या दिवशी मामा ते घेऊन दुसऱ्यांच्या भाटात जातात. तिथे पैसे तासावर मिळतात. मी त्यांना विचारले, मामा, आपले फोर स्ट्रोक घेऊन जा की, नाही कोण म्हणतो? ते म्हणाले, लोक मशीन लवकर आटोपणाऱ्याला बोलावतात, सावकाश मारणाऱ्याला नाही. आणि हे माझे स्वतःचे आहे.

कापे घालता का, असे मी विचारले. ते हसले.

रविवारी सकाळी वरच्या वाड्यावरून आवाज येतो तो मला लगेच ओळखू येतो. खोकल्यासारखा दोनदा, मग घुंऽऽ. परवा ते जाताना पेट्रोल संपले म्हणून आमच्या पडवीत थांबले. मी डबा आणायला उठलो तर म्हणाले, तू बस. लाल झाकणाचा वेगळा डबा त्यांनी पिशवीत आणला होता, त्यावर खिळ्याने ओरखडा काढून खूण केलेली. मापाने ऑइल ओतले, हलवले, उजेडात धरून रंग पाहिला आणि टाकी भरली. त्या डब्याला ते मला हात लावू देत नाहीत.